गावातल्या पुरुषांचं रक्त घेतलं, आरोपी सापडला. आता आमच्या डीएनएचं काय?

माणदेशी_गडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी, विषय जरा किचकट आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागं आमच्या गावात मळ्यात एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीचा खून झाला. अंगावरचं सोनं गेलं. तिच्या नखात आणि लुगड्यावर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त मिळालंय असं पोलीस म्हणत होते. मग दोन-तीन वस्त्यांवरच्या जाणत्या पोरांपासून साठीच्या माणसांपर्यंत सगळ्यांना ग्रामपंचायतीत बोलावलं, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणि लॅबवाला आला होता. बोटाला टोचून कार्डावर रक्ताचे थेंब घेतले, फॉर्मवर फोटो चिकटवला, त्यावर अर्धी सही फोटोवर अर्धी कागदावर, डाव्या अंगठ्याचा ठसा, खाली दोन पंचांच्या सह्या. फॉर्ममधे संमतीची ओळ आधीच छापलेली होती आणि त्यात पुढं ह्या रक्ताचं काय करणार ह्याबद्दल अवाक्षर नव्हतं. नाही कुणी म्हणलं नाही, कारण जो नाही म्हणेल त्याच्याकडंच सगळ्या गावाची बोटं वळणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी स्वतः खुशीनं दिलं. त्या म्हातारीनं लहानपणी आम्हाला हातानं भाकरी वाढलीय, तिच्यासाठी रक्ताचा थेंब काय मोठी गोष्ट. पुढं आरोपी सापडला, तो बाहेरगावचा निघाला, सोनं मोडायला गेला तिथं सराफाला संशय आला आणि त्यानं फोन केला. दोषारोपपत्र कोर्टात गेलं. चांगलं झालं.

पण आता आमचं काय? ठाण्यात जाऊन विचारलं की साहेब आमचे नमुने कुठायत, तर म्हणाले ते लॅबला गेले आमच्याकडं काय नाय. लॅब कुठली, रिपोर्ट कुणाकडं, तो किती वर्षं राहणार, उद्या दुसऱ्याच जिल्ह्यातल्या गुन्ह्याशी आमची नावं ताडून बघणार का, कुणालाच सांगता येईना. धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याला रात्रीची झोप नाही की चारित्र्य पडताळणीत हे निघेल का म्हणून. आणि वस्तीवरची आम्ही बहुतेक सगळी एकाच भावकीतली, त्याचा काही फरक पडतो का हेही जाणकारांनी सांगावं. मला पोलिसांशी भांडायचं नाहीये, फक्त माझ्या अंगातली गोष्ट कुणाकडं आहे ते मला कळलं पाहिजे एवढंच म्हणणं आहे.

अनघा_ना

दादा, राग मानू नका पण मी उलट्या बाजूनं बोलणार आहे. आमच्या जवळच्या नात्यातल्या एका मुलीच्या केसमध्ये एकेक करत सगळे साक्षीदार फितूर झाले. शेजारी, रिक्षावाला, एक तर स्वतः पंच असून कोर्टात म्हणाला की माझ्यासमोर काही जप्त झालं नाही, कोऱ्या कागदावर सही घेतली. शेवटपर्यंत टिकला तो फक्त डीएनएचा रिपोर्ट आणि त्याच्यावर शिक्षा लागली. त्यामुळे कर नाही त्याला डर कशाला असं मला मनापासून वाटतं. सगळ्यांचे नमुने सरकारकडे असले तर पुढच्या मुलीचा गुन्हेगार आठ दिवसात सापडेल. ज्या घरानं हे भोगलंय त्यांना प्रायव्हसी वगैरे शब्द ऐकले की त्रास होतो, खरंच होतो.

निवृत्त_कलिना

मी मुंबईच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून निवृत्त झालो, आयुष्य ह्याच कामात गेलं, तेव्हा आधी नमुन्याचं काय होतं ते सांगतो, कायद्याचं वकील मंडळी सांगतील.

गडी, तुमचं ते कार्ड म्हणजे एफटीए कार्ड. त्यावर रक्त वाळलं की वर्षानुवर्षं टिकतं, फ्रीजसुद्धा लागत नाही. लॅबमध्ये त्यातला टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा कापून घेतात, बाकीचं कार्ड तसंच राहतं. त्या तुकड्यातला डीएनए पीसीआरने (त्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) वाढवायचा, मशीनवर चालवायचा, आणि शेवटी हातात येतो तो आकड्यांचा तक्ता. उदाहरणार्थ डीएनएवरच्या डी३एस१३५८ नावाच्या जागेवर १५ आणि १७, टीएच०१ वर ६ आणि ९.३, अशा वीस-बावीस जागा. प्रत्येक जागेवर दोन आकडे, एक आईकडून एक वडिलांकडून. ह्यालाच प्रोफाइल म्हणायचं. ह्या आकड्यांवरून तुम्हाला मधुमेह होईल का, तुमचा स्वभाव कसा, हे कळत नाही, त्याची भीती बाळगू नका. पण नातं कळतं, आणि कार्डावर जे रक्त शिल्लक आहे त्यात मात्र सगळंच आहे, आजारासकट. म्हणून कार्ड आणि आकडे ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजायच्या. माझ्या काळात रिपोर्ट झाला की उरलेला मुद्देमाल सील करून पोलीस ठाण्याकडे परत जायचा आणि मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात राहायचा. मशीनमधली मूळ फाइल लॅबकडेच राहते, ती राहायलाच हवी कारण उद्या कोर्टात उलटतपासणी झाली तर दाखवायला लागते. त्यामुळे तुम्हाला "आमच्याकडं काय नाय" हे जे उत्तर मिळालं ते अर्धवट आहे. फॉरवर्डिंग लेटरची ऑफिस कॉपी ठाण्यात असतेच, त्यावर कुठल्या लॅबला किती कार्डं कोणत्या तारखेला पाठवली हे लिहिलेलं असतं.

भावकीचा प्रश्न तुम्ही फार नेमका विचारलात. पुरुषाचा शोध असेल आणि नमुना मिसळलेला असेल (नखाखालचा मळ बहुतेक वेळा तसाच असतो, बाईचा डीएनए भरपूर आणि हल्लेखोराचा चिमूटभर) तर वाय ह्या फक्त पुरुषांत असणाऱ्या गुणसूत्राची वेगळी टेस्ट करतात. वाय हा बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो. म्हणजे तुमचा, तुमच्या वडिलांचा, चुलत्यांचा, चुलत भावांचा, आणि पाच पिढ्यांपूर्वी वेगळं चुलाणं मांडलेल्या शाखेचासुद्धा वाय प्रोफाइल एकच निघू शकतो. तुम्ही एकट्याने सही केलीत पण त्या रिपोर्टमध्ये अख्खी भावकी बसलीय, त्यात ज्याने नमुना दिलाच नाही तो पुण्याला नोकरीला असलेला चुलत भाऊही आला. एका माणसाच्या संमतीने हे होतं ही गोष्ट मला नोकरीत असतानाही खटकायची.

अनघाताई, तुमच्या घरावर जे आलं त्याबद्दल फार वाईट वाटतं. डीएनएमुळे शिक्षा लागते हे मी स्वतः बघितलंय, त्यासाठीच आम्ही रात्री जागलो. पण "कर नाही त्याला डर नाही" हे लॅबमध्ये बसलेला माणूस म्हणणार नाही. जर्मनीत एक बाई गुन्हेगार म्हणून पोलीस अनेक वर्षं शोधत होते, तिचा डीएनए चाळीस-एक गुन्ह्यांच्या जागी मिळाला होता, २००७ साली हाइलब्रॉनला एका पोलीस अधिकारी तरुणीचा खून झाला तिथेही मिळाला. २००९ मध्ये कळलं की अशी बाईच नाही, नमुने टिपायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात पॅक व्हायचे तिथल्या कामगार बाईचा तो डीएनए. अमेरिकेत २०१२ साली कॅलिफोर्नियात एका श्रीमंत गृहस्थाच्या खुनात मयताच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए निघाला, त्याला अटक झाली, तो काही महिने तुरुंगात होता. प्रत्यक्षात खुनाच्या वेळी तो दारूच्या नशेत हॉस्पिटलात पडलेला होता. ज्या अँब्युलन्सवाल्यांनी त्याला उचललं तेच पुढे त्याच रात्री खुनाच्या जागी गेले होते. हॉस्पिटलचं रेकॉर्ड नसतं तर त्याचं काय झालं असतं? आणि त्याचा प्रोफाइल डेटाबेसमध्ये आधीपासून होता म्हणून तो सापडला, नसता तर त्याचं नावही निघालं नसतं. जितकी जास्त माणसं यादीत तितक्या जास्त निरपराध माणसांवर ही वेळ येण्याची शक्यता, एवढंच माझं म्हणणं.

वकील_लातूरकर

सेशन्स कोर्टात प्रॅक्टिस करते. मुद्द्याचं आधी सांगते: गडी, भावाला सांगा झोप काढ. चारित्र्य पडताळणीत दाखल गुन्हे, अटक, चॅप्टर केस (प्रतिबंधक कारवाई) असं बघतात, स्वखुशीने तपासाला नमुना दिला ही काही गुन्ह्याची नोंद नाही. कुणी तसं धरलंच तर ते साफ चूक आहे आणि त्याला आव्हान देता येतं.

आता कायदा. पोलिसांना नमुना घ्यायचा अधिकार कुठून येतो ते बघा. आरोपी असेल तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ५१ आणि बलात्काराच्या गुन्ह्यात ५२ (जुने सीआरपीसीचे ५३ आणि ५३अ), त्यात डीएनए स्पष्ट लिहिलाय. पीडितेचा नमुना कलम १८४ खाली, तिच्या संमतीने. त्याशिवाय २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आहे, ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू, त्याने १९२० चा कैद्यांची ओळख पटवण्याचा कायदा रद्द केला. जुन्या कायद्यात बोटांचे-पायांचे ठसे आणि फोटो एवढंच होतं, नव्यात डोळ्याचं बुबुळ, सही, हस्ताक्षर आणि जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण हे सगळं आलं. नोंदी एनसीआरबीकडे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ७५ वर्षं राहणार. हो, पंच्याहत्तर, म्हणजे आज पंचविशीतल्या पोराची नोंद तो शंभर वर्षांचा होईपर्यंत. ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही आणि जो खटल्याशिवाय सुटला किंवा डिस्चार्ज (आरोपमुक्त) झाला किंवा निर्दोष सुटला, त्याची नोंद नष्ट करायची अशी तरतूद आहे, पण ती सगळी अपिलं संपल्यावर, आणि कोर्टाने किंवा मॅजिस्ट्रेटने कारणं नमूद करून नोंद ठेवायला सांगितलं तर तेही नाही. शिवाय नियमांप्रमाणे त्यासाठी अर्ज करायचा नोडल ऑफिसरकडे (ह्या कामासाठी नेमलेला अधिकारी). आपणहून पुसलं जाईल अशी व्यवस्था नाही, सुटलेल्याने स्वतः मागे लागायचं.

पण तुमची गोम वेगळीच आहे. तुम्ही ह्यात कुठेच बसत नाही! तुम्ही आरोपी नव्हता, अटक नव्हती, खटला नव्हता, मग "निर्दोष सुटला" हे तुमच्या बाबतीत म्हणणार कसं. त्या कायद्याच्या कलम ५ खाली मॅजिस्ट्रेट तपासासाठी कुठल्याही माणसाला नमुना द्यायला सांगू शकतो, तसा हुकूम काढला असता तर निदान कोर्टाच्या रेकॉर्डला काहीतरी कागद असता. तुमच्याकडून तो न काढता नुसत्या संमतीवर घेतलं. म्हणजे ज्याच्यावर गुन्हा आहे त्याचा नमुना पुसायची वाट कायद्यात कशीबशी लिहिलेली आहे, आणि ज्याने माणुसकी म्हणून बोट पुढे केलं त्याच्यासाठी एक ओळ नाही. मला ह्याचा खरंच संताप येतो.

ही ओळ येणार होती. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं, स्थायी समितीकडे गेलं, समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात जात आणि समाज ह्यावरून लोकांना हेरण्यासाठी ह्या माहितीचा गैरवापर होऊ शकतो ही भीती मांडलेली आहे. त्या विधेयकात जो संशयितही नाही आणि आरोपीही नाही त्याने लेखी विनंती केली की त्याचा प्रोफाइल काढून टाकायचा असं कलम होतं. जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतलं, २०२२ च्या कायद्यात बरंचसं आलंय म्हणून. मला त्या विधेयकातल्या बऱ्याच गोष्टी पटत नव्हत्या पण हे एक कलम तुमच्या कामाचं होतं आणि ते नेमकं आलं नाही.

डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे ना, असं कुणीतरी विचारेल. आहे, पण गुन्ह्याचा तपास आणि खटला ह्यासाठीच्या कामाला त्यातल्या बहुतेक बंधनांतून सूट दिलेली आहे. उरतो तो २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायाधीशांचा, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे आणि सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि हेतूच्या मानाने बेताचाच हात घालायचा. त्याच्या जोरावर हायकोर्टात जाता येतं.

माणदेशी_गडी

वकीलताई खूप धन्यवाद, भावाला वाचून दाखवलं, हायसं वाटलं त्याला. निवृत्त काकांचं भावकीचं वाचून मात्र अंगावर काटा आला, वाय टेस्टबद्दल आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. एक शंका, आरोपी सापडला, मग आमची कार्डं आत्ताच्या आत्ता नष्ट करा असा अर्ज टाकला तर चालेल का?

वकील_लातूरकर

आत्ता नष्ट करणार नाहीत आणि खरं सांगायचं तर करूही नयेत. खटला चालू आहे. उद्या आरोपीचा वकील उभा राहून विचारेल की तुम्ही गावातल्या कुणाकुणाचे नमुने ताडले, ज्यांचे जुळले नाहीत ते रिपोर्ट दाखवा, की सोयीचं तेवढं ठेवून बाकी जाळलं? तो त्याचा हक्क आहे, आणि मी बचाव पक्षाकडून असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये डीएनए नमुन्यांबद्दल देशभरासाठी सूचना दिल्यात: पाकिटावर एफआयआर नंबर, कलम, तपासी अंमलदाराचं नाव, डॉक्टरची आणि पंचांची सही, ४८ तासांत लॅबला पोचवायचं, खटला किंवा अपील चालू असताना कोर्टाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही, आणि नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला ह्याचं रजिस्टर. त्या प्रकरणात नमुन्यांच्या हाताळणीत इतकी ढिलाई होती की फाशीची शिक्षा झालेला माणूस निर्दोष सुटला. ह्या सूचना पुरावा भक्कम राहावा म्हणून आहेत, तुमच्या खासगीपणासाठी नाहीत, पण "परवानगीशिवाय उघडायचं नाही" ही ओळ तुम्हाला उपयोगी आहे.

म्हणून मागणी अशी करा की ह्या केसपुरतं ठेवा, पण दुसऱ्या कुठल्याही गुन्ह्याशी ताडू नका, कुठल्याही डेटाबेसमध्ये घालू नका, आणि शेवटचं अपील संपलं की नष्ट करून आम्हाला लेखी कळवा. ठेवणं वेगळं आणि वापरणं वेगळं.

लेस्टरची_मुक्ता

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहते, आणि हा धागा वाचून राहवलं नाही कारण गावातल्या सगळ्या पुरुषांचं रक्त घ्यायचा प्रकार जगात पहिल्यांदा झाला तो आमच्या शेजारच्या नारबरो आणि एंडर्बी ह्या खेड्यांमध्ये. १९८३ आणि १९८६ साली पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले. एका १७ वर्षांच्या मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली होती, पोलिसांना वाटलं पहिलाही त्यानेच केला असेल, म्हणून लेस्टर विद्यापीठातल्या अलेक जेफ्रीज ह्यांच्याकडे नमुने पाठवले. त्यांनी दोन्ही खून एकाच माणसाने केलेत, पण तो हा मुलगा नाही असं सिद्ध केलं. म्हणजे डीएनएने पहिल्यांदा काय केलं तर कबुली दिलेल्या निरपराध पोराला सोडवलं. मग १९८७ मध्ये आजूबाजूच्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले आणि एकही जुळला नाही! कारण खऱ्या खुन्याने आपल्या जागी बेकरीतल्या एका सहकाऱ्याला पाठवलं होतं. तो सहकारी पबमध्ये हे बोलून गेला, कुणीतरी ऐकलं आणि पोलिसांना कळवलं. तुमच्या सराफासारखाच कान उघडा ठेवणारा माणूस शेवटी कामी आला.

पुढची गोष्ट गडींच्या प्रश्नाशी जास्त जवळची. १९९५ मध्ये इथे राष्ट्रीय डीएनए डेटाबेस सुरू झाला आणि नंतर नियम असे सैल झाले की साध्या अटकेवरसुद्धा नमुना घ्यायचे, सुटलात तरी तो कायमचा. तपासाला मदत म्हणून दिलेला नमुना डेटाबेसमध्ये घालायला एकदा सही केली की संमती मागेच घेता यायची नाही. शेफील्डमधल्या दोघांनी, त्यातला एक अटकेच्या वेळी फक्त ११ वर्षांचा होता, आमचे नमुने पुसा म्हणून केस केली, इथल्या सगळ्या कोर्टांत हरले, आणि ४ डिसेंबर २००८ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात १७ च्या १७ न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मग २०१२ चा कायदा आला. आता मूळ नमुना सहा महिन्यांच्या आत नष्ट करावा लागतो, शिक्षा न झालेल्यांचे प्रोफाइल काही ठरावीक अपवाद सोडले तर पुसतात, आणि स्वखुशीने दिलेला नमुना ज्या कामासाठी दिला ते काम झालं की संपला. तो कायदा लागू करताना १७ लाखांहून जास्त प्रोफाइल पुसले आणि ७७ लाखांहून जास्त नमुने नष्ट केले. अनघाताई, एवढं पुसूनही इथे डीएनएवरून गुन्हे उघडकीस यायचे थांबले नाहीत, कारण गुन्ह्याच्या जागी नमुना नीट उचलणं आणि लॅबमध्ये लवकर तपासणं ह्यावर जास्त अवलंबून असतं.

पाल_ते_शाळा

मी पारधी वस्त्यांवर मुलांच्या शिक्षणाचं काम करतो, अहिल्यानगर आणि बीड भागात. सगळे "आपण सगळे" म्हणून बोलतायत पण यादीत सगळे सारखे येत नाहीत हो. २०२२ च्या कायद्यात एक सूट आहे, सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि तो स्त्री किंवा बालकाविरुद्ध नसेल तर अटकेतला माणूस जैविक नमुना द्यायला नकार देऊ शकतो. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्याकडं पोरं रात्री रस्त्यानं जाताना दिसली की लावतात ते कलम दरोड्याच्या तयारीचं, जुन्या भादंविचं ३९९. मिरचीपूड, दोरी, कोयता, पंचनामा तयार. त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे नकाराचा हक्क गेला. गुन्हा झालेलाच नाही, फक्त तयारी, आणि पोराचा नमुना गेला. पुढं वर्षा-दोन वर्षांनी, कधी दहा वर्षांनी निर्दोष सुटतो, पण नोडल ऑफिसर म्हणजे कोण आणि त्याचं ऑफिस कुठं हे पालात राहणाऱ्या माणसाला कोण सांगणार. ज्याला रेशनकार्डासाठी तीन कार्यालयं फिरावी लागतात तो नोंद पुसायचा अर्ज करणार?

आणि निवृत्त काकांनी सांगितलं तसं एका पोराबरोबर त्याची सगळी भावकी यादीत. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं हेच केलं होतं, माणूस काय करतो ते बघायचं नाही, कुठल्या जमातीत जन्मला ते बघायचं. ठसे घ्यायचे, रोज हजेरी, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत माणसं ठेवलेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, आमच्या वस्त्यांवर अजून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आता तारेचं कुंपण लागणार नाही, एनसीआरबीच्या कॉम्प्युटरात ७५ वर्षांची नोंद पुरेल. कुठंही घरफोडी झाली की आधी ज्यांची नोंद आहे त्यांच्याशी ताडणार, ताडलं की चौकशीला उचलणार, उचललं की पुन्हा नोंद. हे चक्र आम्ही बोटांच्या ठशांच्या बाबतीत बघितलंय, मला कुणी सांगायची गरज नाही.

सिस्टर_शुभदा

सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये नमुने घेताना मी डॉक्टरांसोबत असते. एक बाजू कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, ती म्हणजे तक्रार करणाऱ्या बाईची.

तिचे केस, नखं, रक्त, स्वॅब, कपडे, सगळं घेतो. प्रत्येक पाकिटावर नाव, सील, लाख. ती थरथरत असते आणि बऱ्याच जणी एकच विचारतात, हे कुणाकुणाला दिसणार. आता हे बघा: सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०२२ साली उघड झालं की एका बाईने काही वर्षांपूर्वी बलात्काराची तक्रार करताना दिलेला डीएनए पोलिसांच्या लॅबने आपल्याकडे ठेवला आणि पुढे एका मालमत्तेच्या गुन्ह्याशी ताडून तिच्यावरच गुन्हा लावला. तिथल्या सरकारी वकिलांनीच हे जाहीर केलं, खटला मागे घेतला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पीडितेचा नमुना असा वापरता येणार नाही असा कायदा केला. आपल्याकडे कलम १८४ मध्ये संमतीने घ्यायचा, लवकरात लवकर घ्यायचा हे आहे. पण पुढे तिचा नमुना दुसऱ्या कशाशीही ताडणार नाही असं त्यात लिहिलेलं नाही. मी त्या बाईला खात्री द्यायची तर कशाच्या जोरावर देऊ? एखादीला हे कळलं आणि ती भीतीने आलीच नाही तर गुन्हेगाराचा डीएनए कुठून मिळणार आहे. म्हणून अनघाताई, तुम्हाला सांगते, तक्रार करायला येणाऱ्या बाईचा विश्वास टिकला तरच ते रिपोर्ट तयार होतात.

अनघा_ना

सिस्टर, हे मला माहीत नव्हतं. आमच्या मुलीचा पण नमुना घेतलेला आहे, म्हणजे तो पण कुठेतरी असेलच. डीएनए तपासाला माझा पाठिंबा आहे आणि तो राहणारच, आरोपीचा नमुना आयुष्यभर ठेवा, शिक्षा झालेल्याचा तर नक्कीच ठेवा. पण तिचा कशाला? वकीलताई, तिच्यासाठी पण असा अर्ज करता येतो का? आमच्या केसमध्ये निकाल लागलाय, आरोपीचं अपील हायकोर्टात आहे.

वकील_लातूरकर

येतो ताई. अपील पेंडिंग आहे म्हणून हायकोर्टातच, सरकारी वकिलांमार्फत किंवा तुमच्या वकिलामार्फत. तिचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, अर्जात "पीडिता" एवढंच. मागणी तीच, ह्या खटल्याशिवाय कुठेही वापरू नये आणि अपिलाचा अंतिम निकाल लागल्यावर नष्ट करावा.

गडी, तुमच्यासाठी मसुदा देते, सगळ्या वस्तीने एकत्र नको, प्रत्येकाने वेगळा द्या, कारण उद्या एकत्र अर्जावर "अर्जदार कोण कोण" ह्यावरच वेळ जातो:

"प्रति, पोलीस अधीक्षक. विषय: गु.र.नं. अमुक, तपासकामी स्वखुशीने दिलेल्या रक्ताच्या नमुन्याबाबत. महोदय, मी सदर गुन्ह्यात आरोपी नाही, मला अटक झालेली नाही. अमुक तारखेस मी तपासास सहकार्य म्हणून नमुना दिला. माझी संमती सदर गुन्ह्याच्या तपासापुरतीच होती. सबब विनंती की (१) माझा नमुना, त्यातून काढलेला डीएनए व प्रोफाइल अन्य कोणत्याही गुन्ह्याशी ताडू नये, (२) कोणत्याही डेटाबेसमध्ये समाविष्ट करू नये किंवा अन्य यंत्रणेस देऊ नये, (३) नमुना कोणत्या प्रयोगशाळेस कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला ते मला कळवावे, (४) खटल्याचा व अपिलाचा अंतिम निकाल लागल्यावर तो नष्ट करून तसे लेखी कळवावे."

एक प्रत ठाण्याच्या पीआयला, एक लॅबच्या उपसंचालकांना रजिस्टर एडीने. एसपी ऑफिसच्या आवक शाखेत द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. तीस दिवसांत काही आलं नाही तर तिसऱ्या मुद्द्यावर माहिती अधिकारात अर्ज टाका, स्वतःच्या नमुन्याची माहिती मागताय. ते कलम ८(१)(ज) दाखवतील, तपासात अडथळा म्हणून. तेव्हा दोषारोपपत्राची तारीख लिहा आणि विचारा की तपास पूर्ण झालाय तर जावक क्रमांक सांगितल्याने नेमका अडथळा कसा येतो, ते कारण लेखी द्या. पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरिष्ठाकडे, तीस दिवसांच्या आत.

माणदेशी_गडी

ताई, सोमवारी साताऱ्याला जातोय. वस्तीवरच्या ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज आमची पोरं लिहून देणार, अंगठ्याखाली साक्षीदाराची सही लागते का तेवढं सांगा.

वकील_लातूरकर

हो, साक्षीदाराची सही घ्या, आणि "अर्ज वाचून दाखवला, मजकूर समजला" ही ओळ अंगठ्याच्या वर लिहा.